स्त्रीपुरुष तुलना (ग्रंथ)

स्त्रीपुरुष तुलना हा ताराबाई शिंदे यांनी लिहिलेला मराठी निबंधग्रंथ असून तो इ.स. १८८२ साली पुण्यातील श्री शिवाजी छापखान्यात छापून प्रसिद्ध झाला. समाजातील अनीतीचे खापर केवळ स्त्रियांच्या माथी फोडणाऱ्या पुरुषांना उद्देशून लिहिलेला हा निबंध आधुनिक भारतातील स्त्रीवादी विचारांच्या आरंभीच्या लेखनांपैकी एक मानला जातो. प्रसिद्धीच्या वेळी त्याला प्रखर विरोध झाला आणि पुढे सुमारे नऊ दशके तो जवळजवळ विस्मृतीत गेला. इ.स. १९७५ मध्ये संशोधक स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशित केल्यानंतर मराठी वाङ्मयाच्या व सामाजिक इतिहासाच्या अभ्यासात त्याला महत्त्वाचे स्थान मिळाले. ताराबाईंचे हे एकमेव प्रकाशित पुस्तक होय.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात स्त्रियांच्या प्रश्नांवर मोठा वाद चालू होता. इ.स. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता मिळाली होती. परंतु कायदा झाला तरी रूढी बदलली नव्हती. ब्राह्मण व अन्य काही उच्च जातींत बालविवाह रूढ होता. नवरा लहानपणीच वारला तर मुलीला जन्मभर वैधव्य भोगावे लागे. केशवपन, एकभुक्त राहणे, मंगलकार्यात मज्जाव आणि घरातील सर्वांच्या चाकरीचे ओझे हे तिच्या वाट्याला येई. अशा तरुण विधवेला घरातील वा नात्यातील पुरुषाकडून दिवस गेले तर तिच्यापुढे गर्भपात, बालहत्या, आत्महत्या किंवा परागंदा होणे एवढेच मार्ग उरत. बालहत्या उघडकीस आल्यास भारतीय दंडसंहितेनुसार तिच्यावर खुनाचा खटला चाले.

या प्रश्नाची तीव्रता ओळखून जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी इ.स. १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी तेथे येऊन गुप्तपणे व सुखरूप बाळंत व्हावे, अशी सोय त्यांनी केली होती. तेथेच बाळंत झालेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत याला फुले दांपत्याने पुढे दत्तक घेतले. तथापि असे प्रयत्न अपवादात्मक होते. त्या काळातील बहुसंख्य लिखाणात अशा प्रकरणांचे कारण म्हणून स्त्रीची चंचलता, शिक्षणाने आलेला स्वैरपणा किंवा बदलत्या काळाचा दोष पुढे केला जाई.

विजयालक्ष्मी खटला

या ग्रंथाच्या निर्मितीस निमित्त ठरले ते इ.स. १८८१ मधील एक फौजदारी प्रकरण. सुरतेजवळील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला मूल झाले. लोकापवादाच्या व बहिष्काराच्या भीतीने तिने त्या अर्भकाची हत्या केली, असा आरोप ठेवून तिच्यावर सुरत येथे खटला चालविण्यात आला व तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलानंतर ही शिक्षा बदलून जन्मठेप काळ्या पाण्याची करण्यात आली.

या खटल्याची वृत्तपत्रांतून मोठी चर्चा झाली. पुण्यातून निघणाऱ्या 'पुणेवैभव' या सनातनी वळणाच्या पत्राने या प्रकरणाच्या निमित्ताने स्त्रियांच्या नीतिमत्तेवर कडक टीका केली. अशा लिखाणाला उत्तर म्हणून ताराबाईंनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. एका विधवेच्या गुन्ह्यावरून साऱ्या स्त्रीजातीला दोषी ठरविणे त्यांना मान्य नव्हते. ज्याच्यामुळे ते मूल जन्माला आले, त्याचे नावही कोणी काढत नाही, या गोष्टीकडे त्यांनी वाचकांचे लक्ष वेधले.

लेखिका

ताराबाई शिंदे यांचा जन्म इ.स. १८५० च्या सुमारास वऱ्हाडातील बुलढाणा येथे एका मराठा कुटुंबात झाला. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. ते पुरोगामी विचारांचे होते व त्यांचा सत्यशोधक समाजाशी संबंध होता. परिसरात मुलींची शाळा नसल्याने त्यांनी आपल्या या एकुलत्या एका मुलीला घरीच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. ताराबाईंना चार भाऊ होते.

त्या काळच्या रीतीप्रमाणे ताराबाईंचे लग्न लहान वयात झाले. परंतु त्यांचे पती घरजावई म्हणून शिंदे यांच्या घरी राहिले. त्यामुळे सासुरवासाच्या बंधनांपासून त्या बऱ्याच अंशी मुक्त राहिल्या आणि वाचन-लेखनाला त्यांना अवकाश मिळाला. त्यांना मूलबाळ झाले नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या कार्याशी त्यांचा संबंध होता व सत्यशोधक समाजाच्या आरंभीच्या सभासदांत त्यांची गणना केली जाते. त्यांचा मृत्यू इ.स. १९१० च्या सुमारास झाला.

मराठा घराण्यांत पडद्याची चाल होती. ग्रंथाच्या प्रस्तावनेत ताराबाईंनी आपण मराठ्यांच्या घरात कोंडलेली, अल्पबुद्धीची स्त्री असून हा आपला पहिलाच प्रयत्न आहे, असे सांगितले आहे. आपल्या लेखनातील भाषा काही ठिकाणी कठोर असल्याची त्यांना जाणीव होती. परंतु पुरुषांचे वर्तन व त्यांचा पक्षपात पाहून मनाचा संताप झाल्याने असे लिहावे लागले, अशी त्यांची भूमिका आहे.

प्रकाशन

ग्रंथाच्या ५०० प्रती छापण्यात आल्या व त्याची किंमत नऊ आणे ठेवण्यात आली होती. स्त्रिया आणि पुरुष यांच्यात अधिक 'साहसी' कोण, हे स्पष्ट करण्यासाठी हा निबंध लिहिला असल्याचे मुखपृष्ठावर नमूद केले होते. येथे 'साहस' हा शब्द आजच्या धाडस या चांगल्या अर्थाने वापरलेला नाही. जुन्या मराठीत व संस्कृतात अविचाराने केलेले दुष्कृत्य, जबरदस्ती किंवा गुन्हा असाही त्याचा अर्थ होतो. जुन्या धर्मशास्त्रग्रंथांतही 'साहस' हा गुन्ह्यांचा एक प्रकार मानला आहे. साहस हा स्त्रीचा स्वभावदोष आहे, असे परंपरेने सांगितले जात असे. तोच शब्द मुखपृष्ठावर घेऊन ताराबाईंनी हा दोष कोणाकडे अधिक आहे, अशी विचारणा केली.

आशय

निबंधाला प्रकरणांची विभागणी नाही. सलग ओघात केलेला हा युक्तिवाद पुढील प्रमुख मुद्द्यांभोवती फिरतो.

स्त्री व पुरुष यांची समान निर्मिती: ईश्वराने स्त्री आणि पुरुष दोघांनाही निर्माण केले. असे असता सर्व दुर्गुण स्त्रियांच्याच ठिकाणी का वसावेत आणि पुरुष तेवढे निर्दोष कसे ठरावेत, या प्रश्नाने विवेचनाला सुरुवात होते. जे दोष स्त्रियांत दाखविले जातात ते पुरुषांतही आहेत की नाहीत, हे तपासून पाहावे, हाच 'तुलना' या शब्दाचा येथील अर्थ आहे.

पातिव्रत्याची एकतर्फी अपेक्षा: पती हा स्त्रीचा देव, असे शास्त्र सांगते. ताराबाई या वचनाला थेट नकार न देता त्याचा दुसरा अर्धा भाग पुढे आणतात. पतीला देव मानायचे तर त्याचे वागणेही देवासारखे असले पाहिजे. भक्ताच्या सुखदुःखाची देवाला जशी काळजी, तशी पतीला पत्नीची असावयास हवी. मारझोड करणाऱ्या, व्यसनी किंवा बाहेरख्याली नवऱ्याला देव मानण्याची सक्ती कोणत्या न्यायाने करता येईल, असा त्यांचा सवाल आहे. सावित्रीने पतीचे प्राण परत आणले. तसे पत्नीसाठी यमाच्या दारी गेलेल्या एखाद्या पुरुषाचे उदाहरण दाखवावे, असे आव्हान त्या देतात.

विधवा आणि विधुर: पत्नी वारली तर पुरुष लगेच दुसरी, तिसरी बायको करून आणतो आणि समाज त्याला नावे ठेवत नाही. पती वारला तर मात्र स्त्रीला सर्व सुखांपासून दूर ठेवले जाते, तिला विद्रूप केले जाते व तिचे दर्शनही अशुभ मानले जाते. जीव दोघांचा सारखाच असता एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा असे का, हा ग्रंथातील एक मध्यवर्ती प्रश्न आहे. पुनर्विवाहाची बंदी ज्या जातींत आहे तेथेच ती उठविण्याचे धैर्य पुरुषांनी दाखवावे, असे त्या सुचवितात.

फसवणूक व दोषारोप: विजयालक्ष्मीसारख्या प्रकरणांच्या मुळाशी जाताना ताराबाई पुरुषाच्या वर्तनाचा क्रम मांडतात. आधी गोड बोलून स्त्रीला भुलवावयाचे, कार्यभाग साधला की तिला टाकून द्यावयाचे आणि पुढे तिच्या बदनामीत आपणच पुढाकार घ्यावयाचा, असा हा क्रम आहे. गर्भ मात्र स्त्रीच्याच पोटी राहत असल्याने पुरुषाचे पाप झाकले जाते व स्त्रीचे उघडे पडते. शिक्षा, तुरुंग आणि लोकनिंदा तिच्याच वाट्याला येते.

देवादिकांची चिकित्सा: स्त्रीच्या चंचलतेचे दाखले देण्यासाठी पुराणांचा आधार घेतला जात असे. ताराबाईंनी त्याच पुराणांतील देव व ऋषी यांच्या वर्तनाकडे बोट दाखविले. देवांनी केलेल्या कपटाचे फळ स्त्रियांना भोगावे लागले, याची उदाहरणे देऊन धर्मग्रंथ रचणारेही पुरुषच होते, हे त्या सुचवितात. त्यांच्या काळात एका स्त्रीने अशी चिकित्सा छापून प्रसिद्ध करणे ही अत्यंत धाडसाची गोष्ट होती.

ज्ञानापासून वंचित ठेवणे: स्त्रिया अज्ञानी आहेत म्हणून त्यांची निंदा करणाऱ्या पुरुषांनीच त्यांना घरात कोंडून अज्ञानी ठेवले आहे. बाहेरचे जग पाहू द्यावयाचे नाही आणि मग ती व्यवहारशून्य आहे म्हणावयाचे, ही विसंगती ग्रंथात वारंवार दाखविली आहे.

सोयीचा धर्म: नव्या काळातील पुरुषांनी पोशाख, खाणेपिणे, प्रवास व नोकरी या बाबतींत जुने आचार सोडून दिले आहेत. इंग्रजी पद्धतीचे कपडे आणि मद्यपान त्यांना चालते. धर्म बुडाल्याची ओरड मात्र स्त्रीने जरा वेगळे वागले की सुरू होते. स्वतःचे राज्य, शौर्य आणि व्यापार गमावून बसलेले पुरुष घरातील स्त्रीवर सत्ता गाजवून समाधान मानतात, असा बोचरा आरोपही त्या करतात.

समकालीन साहित्याची झडती: 'स्त्रीचरित्र', 'मुक्तामाला', 'मंजुघोषा', 'मनोरमा' यांसारख्या त्या काळात वाचल्या जाणाऱ्या कथा, कादंबऱ्या व नाटके यांतील स्त्रीचित्रणाचा ताराबाई समाचार घेतात. स्त्रीला कपटी, कामुक किंवा मूर्ख दाखविणारे प्रसंग लेखकांनी आपल्या कल्पनेतून रचले असून वाचक तेच सत्य मानून चालतात, असे त्यांचे म्हणणे आहे. मराठी साहित्यातील स्त्रीप्रतिमेची एका स्त्रीने केलेली ही आरंभीची समीक्षा होय.

दुर्गुणांची यादी: भर्तृहरीच्या नावावर असलेल्या 'शृंगारशतका'तील एका प्रसिद्ध श्लोकात स्त्रीला संशय, उद्धटपणा, साहस, कपट इत्यादींचे माहेरघर म्हटले आहे. हे आरोप एकेक करून घेत ताराबाई प्रत्येक दोष पुरुषांत किती अधिक प्रमाणात आढळतो, हे दाखवितात. स्त्रीचा संशय घरापुरता असतो, पुरुषाचे कपट मात्र राज्ये व संसार बुडविते, अशा स्वरूपाची ही मांडणी आहे. कचेऱ्यांतील लाचखोरी, खोटे कागद, फसवेगिरी, मारामाऱ्या व खून यांसाठी तुरुंगात गेलेल्यांमध्ये पुरुष किती आणि स्त्रिया किती, याकडे त्या लक्ष वेधतात.

भाषा व शैली

ग्रंथाची भाषा बोलण्याच्या जवळची आहे. समोर पुरुष वाचक बसला आहे असे समजून लेखिका त्याला थेट हाक मारते, प्रश्न विचारते, उत्तराची वाट न पाहता पुढचा प्रश्न टाकते. वाक्ये लांब आणि वेगवान असून त्यांत म्हणी, वाक्प्रचार, घरगुती उपमा व वऱ्हाडाकडील बोलीची छटा यांचे मिश्रण आढळते. त्याच बरोबर संस्कृत वचने व पुराणकथा यांचा परिचयही जागोजागी दिसतो. पंडिती निबंधाचे तर्कशुद्ध सोपान येथे नाहीत. उपरोध, उपहास व संताप यांच्या जोरावर युक्तिवाद पुढे सरकतो.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'मुळे मराठी निबंधाला प्रौढ, संस्कृतप्रचुर वळण लागले होते. त्याच दशकात लिहिलेला 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध त्या वळणापासून दूर आहे आणि रोखठोकपणाच्या बाबतीत जोतीराव फुले यांच्या गद्याला अधिक जवळचा आहे.

तत्कालीन प्रतिक्रिया

ग्रंथाला प्रतिकूल प्रतिसाद मिळाला. स्त्रीने अशा तिखट भाषेत पुरुषांवर व शास्त्रांवर टीका करावी, हे अनेकांना रुचले नाही. सुधारणावादी वर्तुळातही त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. जोतीराव फुले हे याला ठळक अपवाद होत. इ.स. १८८५ मध्ये त्यांनी काढलेल्या 'सत्सार' या नियतकालिक पुस्तिकेच्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंचा 'चिरंजीविनी' असा आपुलकीने उल्लेख करून त्यांच्या ग्रंथाची बाजू घेतली व तो वाचण्याची शिफारस केली. या ग्रंथानंतर ताराबाईंनी पुन्हा काही प्रसिद्ध केले नाही.

समकालीन लेखनाशी तुलना

मराठीत स्त्रीने सामाजिक विषयावर निबंध लिहिण्याची सुरुवात याआधी झाली होती. फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील विद्यार्थिनीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध इ.स. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' पत्रात प्रसिद्ध झाला होता. मुक्ता साळवे यांचा प्रश्न जातीच्या अन्यायाचा होता. ताराबाईंनी मुख्यतः लिंगभेदाच्या अन्यायावर लक्ष केंद्रित केले.

'स्त्रीपुरुष तुलना' प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, म्हणजे इ.स. १८८२ मध्ये, पंडिता रमाबाई यांचे 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तकही प्रकाशित झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना केली. 'स्त्रीधर्मनीति' स्त्रियांना उद्देशून लिहिलेले असून विद्या, स्वावलंबन व सदाचरण यांच्या योगे आपली उन्नती करून घ्यावी, असा त्याचा उपदेश आहे. ताराबाईंचा ग्रंथ पुरुषांना उद्देशून आहे आणि सुधारण्याची गरज प्रथम त्यांना आहे, असे तो सांगतो. स्त्रीप्रश्नाकडे पाहण्याच्या दोन भिन्न दिशा या दोन पुस्तकांत एकाच वर्षी व्यक्त झाल्या.

पुनर्प्रकाशन व अनुवाद

इ.स. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. त्याच वर्षी स. गं. मालशे यांनी जुन्या ग्रंथाची प्रत मिळवून तो संपादित करून प्रकाशित केला. त्या सुमारास महाराष्ट्रात स्त्रीमुक्ती चळवळ आकार घेत होती. त्यामुळे या ग्रंथाकडे अभ्यासकांबरोबरच कार्यकर्त्यांचेही लक्ष गेले. पुढे विलास खोले यांनीही या ग्रंथाची विवेचक आवृत्ती संपादित केली.

सुसी थारू व के. ललिता यांनी संपादित केलेल्या भारतीय स्त्रीलेखनाच्या इंग्रजी संकलनाच्या पहिल्या खंडात (१९९१) या निबंधातील निवडक भाग माया पंडित यांच्या अनुवादात समाविष्ट झाला. ब्रिटिश इतिहासकार रोझालिंड ओहॅनलन यांनी केलेला संपूर्ण इंग्रजी अनुवाद विस्तृत प्रस्तावनेसह इ.स. १९९४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. या अनुवादांमुळे ग्रंथाची ओळख महाराष्ट्राबाहेर झाली आणि स्त्री-अभ्यासाच्या अभ्यासक्रमांत त्याचा समावेश होऊ लागला.

मूल्यमापन

एकोणिसाव्या शतकातील स्त्रीसुधारणेची चर्चा प्रामुख्याने पुरुषांनी केली. सती, बालविवाह, वैधव्य व शिक्षण या एकेका प्रथेपुरता प्रश्न मांडून त्यावर कायद्याचा किंवा उपदेशाचा उपाय सुचविणे, अशी तिची पद्धत होती. ताराबाईंनी या सुट्या प्रथांमागील समान सूत्र शोधले. नियम करणारा, अर्थ लावणारा, न्याय देणारा आणि लिहिणारा पुरुषच असल्याने स्त्रीवर अन्याय होतो, हे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. पुरुषसत्तेची संकल्पना मराठीत रूढ होण्याच्या कितीतरी आधी तिचे असे वर्णन त्यांनी केले, यात या ग्रंथाचे महत्त्व आहे.

ग्रंथाला काही मर्यादाही आहेत. पातिव्रत्य हा आदर्श ताराबाईंनी पूर्णपणे नाकारलेला नाही. पुरुषानेही तितकेच एकनिष्ठ असावे, असा त्यांचा आग्रह आहे. स्त्रीशिक्षणाला उत्तेजन दिल्याबद्दल त्यांनी इंग्रजी राज्याविषयी कृतज्ञता व्यक्त केली आहे. जातिव्यवस्थेची पद्धतशीर चिकित्सा हा या निबंधाचा विषय नाही. काही ठिकाणी मुद्द्यांची पुनरुक्ती होते व विवेचन विस्कळीत वाटते.

असे असले तरी शाळेत पाऊल न टाकलेल्या, लहान गावातील एका स्त्रीने वृत्तपत्रातील लेखनाला छापील उत्तर द्यावे, ही त्या काळात असाधारण गोष्ट होती. विजयालक्ष्मी आणि ताराबाई यांची प्रत्यक्ष ओळख असण्याचे कारण नव्हते. एक गुजरातेतील ब्राह्मण विधवा, तर दुसरी वऱ्हाडातील मराठा गृहिणी. जात, प्रांत व भाषा यांच्या सीमा ओलांडून एका स्त्रीने दुसरीची बाजू घेतल्याचे मराठीतील हे आरंभीचे उदाहरण आहे. नवजात अर्भके टाकून दिल्याच्या बातम्या आजही प्रसिद्ध होतात आणि त्यांत बहुधा मातेचाच शोध घेतला जातो. या ग्रंथातील मूळ प्रश्न त्यामुळे आजही चर्चेत राहिला आहे.